रिमोटचे सेल

आमच्या गल्लीत ऑक्सिमीटर एकच होता.
सिडकोत, पवननगरच्या टाकीमागं, बावीस घरं.
तो स्टीलच्या डब्यात फिरायचा.
डबा उंबऱ्यावर ठेवायचा, बेल दाबायची,
चार पावलं मागं व्हायचं.
मी महापालिकेच्या दवाखान्यातनं निवृत्त झालेली सिस्टर,
म्हणून वही माझ्याकडं
आणि तोंडही माझंच चालायचं.

आधी नखं बघा.
लग्नातलं नेलपॉलिश राहिलं असेल तर खरवडा,
त्या लाल दिव्याला तुमची हौस कळत नाही.
हात गार असतील तर चोळा.
बोट घाला आणि गप्प बसा.
आकडा आधी नाचतो,
त्याला बसू द्या, मग वाचा.

चौऱ्याण्णव.
पाढा विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.
खाली गेला तर मला रात्री दोनला उठवा.
वर असला तर सहा मिनिटं चाला,
खाट ते मोरी, मोरी ते खाट,
आणि परत मोजा.
तीननं उतरला तरी उठवा.

ताप आला तर गोळी घड्याळ बघून घ्या,
घाबरून नाही.
कुणाच्या मेव्हण्याला लागू पडलेली चिठ्ठी घेऊन
मेडिकलच्या रांगेत उभे राहू नका.
वाफेचं पातेलं मांडीवर घेऊ नका;
निमसेंचा विहान अंथरुणात पडला
तो आजारानं नाही, पातेल्यानं.
खिडकी उघडा.
डास येतात म्हणे. मग जाळी लावा,
वारा कोंडू नका.

आणि पाचवा दिवस.
पाचव्या दिवशी बरं वाटतं, भूक लागते,
माणूस दाढी करतो.
पाचव्या दिवसावर विश्वास ठेवू नका.

भाऊलाल खैरनारांनी दाढीच केली होती.
अंबडच्या कारखान्यात प्रेसवर असतात,
आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा.
त्या संध्याकाळी वाक्य दोनदा तुटलं:
"माले काही... व्हयेल नही."
एकोणनव्वद.
म्हणाले, मशीन बिघडलंय.
रत्नाबाईंनी बोट घातलं. सत्त्याण्णव.
म्हणाले, मग ते बायकांचं मशीन असेल.

मी जिन्यातनं ओरडले, पालथे झोपा,
उशी छातीखाली, एक पोटाखाली,
खोल श्वास, भांडण नंतर.
ब्याण्णववर आला आकडा
आणि पडदा विझला.
सेल संपले.

दुकानं बंद. गाडी यायला दीड तास.
बावीस दारं वाजवली मी,
माझाच चार पावलांचा नियम मोडून.
कुणाकडं जाडे सेल, कुणाकडं पाझरलेले,
कोठावद्यांनी टीव्हीचा रिमोट उघडून
दोन बारीक सेल पदरात टाकले.
त्यांच्या घरात रात्रभर एकच चॅनेल चालू होता,
आवाजही कमी करता येईना.
बातम्यांमधला माणूस ओरडत होता
आणि वर मी दर दहा मिनिटांनी विचारत होते,
किती? किती? आता किती?

एक लक्षात ठेवा,
पालथं झोपून आकडा चढला
म्हणून गाडी परत पाठवायची नसते.
त्यांनी पाठवायला लावली होती.
मी ऐकलं नाही.

सतराव्या दिवशी खैरनार आले.
कोपऱ्यापासून घरापर्यंत तीनदा थांबले,
एकदा चप्पल बघायला, एकदा लिंबाचं झाड,
तिसऱ्यांदा नुसतेच.
बरे झालात तरी जिना मोजून चढा, मी म्हटलं.
पहिल्यांदा उलटं बोलले नाहीत.

वही अजून आहे.
दोन नावांपुढचे रकाने
मधेच कोरे पडलेत,
एक आठव्या दिवसाला, एक अकराव्या.
ती पानं मी उलटते, फाडत नाही.

माझं नाव वहीत कुठंच नाही.
त्या दीड महिन्यात मला दोनदा ताप येऊन गेला.
डबा माझ्याच ओट्यावर असायचा,
मी बोट घातलं नाही.
विसरले, असं सांगते सगळ्यांना.
तुम्ही घाला.

कोठावद्यांचे सेल
अजून द्यायचे राहिलेत.